फोमचे चिलखत आधी अंगावर बेतावे लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॉमिक कॉनचे, म्हणजे कॉमिक्स आणि गेमप्रेमींच्या मेळाव्याचे दिवस आले की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत कॉस्प्लेची, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करण्याच्या छंदाची छायाचित्रे झळकतात. व्हिडिओ गेममधल्या योद्ध्याचे चिलखत घातलेली मुले-मुली आणि खाली ‘घरच्या घरी, फोमपासून’ अशी एक ओळ. ती वाचून बऱ्याच घरांत हीट गन (खूप गरम हवा फेकणारे यंत्र), कटर आणि गोंद यांची एकदम खरेदी होते. पुढे आमच्यासारख्या, हे काम करणाऱ्यांकडे प्रश्न येतात ते ठरलेले: फोम कुठला, गोंद कुठला, रंग कुठला? माप कसे घ्यायचे हे सहसा कोणी विचारत नाही, आणि चिलखत बिघडते ते बहुतेक वेळा तिथेच. म्हणून हे पत्र जरा लांबले तरी छापावे, ही विनंती.

बोलायला एक नमुना हवा, म्हणून ‘मास इफेक्ट’मधल्या कमांडर शेपर्डचे एन-सेव्हन (N7) चिलखत घेऊ. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीचा हा गेम २००७ मध्ये आला, पुढचे दोन भाग २०१० आणि २०१२ मध्ये. शेपर्ड पुरुष असावा की स्त्री, हे खेळणारा ठरवतो. चिलखत मात्र तेच: काळपट राखाडी, छातीवर उजवीकडे एन-सेव्हनची खूण, उजव्या हातावर पांढऱ्या कडांचा लाल पट्टा. नवशिक्याने पहिले चिलखत हेच करावे असे आमचे मत आहे. शिरस्त्राण नसले तरी पात्र लगेच ओळखू येते, आणि आपल्याकडच्या उकाड्यात ही मोठीच सोय. नक्षीकाम जवळपास नाही. शिवाय सांध्यांजवळ आतला काळा पोशाख दिसतो, त्यामुळे कोपर आणि गुडघा मोकळे ठेवता येतात.

आता माप. चिलखताखाली जे कपडे घालायचे तेच अंगात असावेत, वर एक टाकाऊ टी-शर्ट. त्यावरून छाती, पाठ आणि खांद्यांना स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळावी, तिच्यावर मास्किंग टेपचे दोन थर द्यावेत. गळ्याभोवती फिल्म गुंडाळू नये, तिथे टी-शर्टच्या गळ्यापाशीच थांबावे. टेप ओढून लावू नये. ओढली की छाती दबते, आणि साचा श्वास रोखून उभ्या राहिलेल्या माणसाचा होतो. पुढे चिलखत घालून जिना चढताना ते जाणवते. मग मार्करने मधली उभी रेघ, मुंढ्याची गोलाई, गळा, कंबर आणि चिलखताचे जोड आखावेत. पाठीवर मधोमध बोथट टोकाच्या कात्रीने कापून कवच उतरवावे. दुसरा माणूस हाताशी हवाच, हे एकट्याने होत नाही.

उतरवलेले कवच टेबलावर सपाट पडत नाही. आखलेल्या रेघांवर ते कापत जावे. तरीही कुठे फुगत असेल तर तिथे चीर द्यावी, शिंपी ब्लाउजला टक्स घालतो त्याच जागी आणि त्याच कारणाने. स्त्री शेपर्डच्या छातीचा भाग याच चिरांवर उभा राहतो. नुसता फोम तापवून तेवढा उठाव आणायला गेले की फोम मधोमध पातळ होतो. डावी-उजवी बाजू वेगवेगळी आखू नये. अर्धा साचा चांगला करावा आणि तोच उलटा करून गिरवावा. जोडायच्या दोन्ही कडांवर दर ५ सेंटिमीटरला जुळणीची आडवी खूण करावी. या खुणा नसल्या की गोंद लावताना एक कड दुसरीपेक्षा सरकत जाते, आणि शेवटी बोटभर फोम उरतो.

यानंतर जाडीचा हिशेब येतो. नवशिक्यांची निम्मी चिलखते तंग होतात ती इथे. कोपराखाली हाताचा घेर २६ सेंमी भरला आणि १० मिमी जाड फोमची २६ सेंमीचीच पट्टी कापून नळी केली, तर आत जेमतेम २३ सेंमी उरतात. वाकवताना फोमची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते, आणि मूळ माप टिकते ते फक्त जाडीच्या मध्यावर. म्हणून पूर्ण वेढ्याला जाडी गुणिले ३.१४ एवढी वाढ द्यावी: १० मिमीला ३.१ सेंमी, ६ मिमीला १.९ सेंमी. अर्धाच वेढा असेल तर वाढही निम्मी. त्यावर हालचालीची माया म्हणून २ सेंमी. मांडीला थोडी जास्तच ठेवावी, कारण बसल्यावर मांडी पसरते.

इंटरनेटवरून तयार साचे घेतले तरी यातून सुटका नाही. पेपाकुरा डिझायनर नावाचे जपानी सॉफ्टवेअर त्रिमिती आकृती उलगडून कागदावर देते. फार उपयोगी आहे, पण त्यात उंचीवरून सगळे एकदम लहान-मोठे केले की छाती, दंड आणि पिंढरी त्याच प्रमाणात बदलतात. १७० सेंमी उंचीची दोन माणसे एकाच छातीची नसतात. प्रत्येक भाग आपल्या मापाने वेगळा बसवावा. छापताना आणखी एक फसगत होते: झेरॉक्सच्या दुकानात ‘फिट टू पेज’ चालूच असते, आणि प्रत्येक पान थोडे आक्रसते. साच्याच्या पहिल्या पानावर १० सेंमीची रेघ टाकून ठेवावी आणि छापल्यावर ती पट्टीने मोजावी. ९.६ भरली तर पुढची पाने छापूच नयेत. आणि काहीही झाले तरी पातळ पुठ्ठ्याचे अख्खे चिलखत टेपने जोडून, अंगावर चढवून, हात वर करून, खुर्चीत बसून पाहिल्याशिवाय फोमला पाते लावू नये.

फोम म्हणजे ईव्हीए. चपलांच्या तळव्यात आणि लहान मुलांच्या एकमेकांत अडकवायच्या चटयांत असतो तो. छाती, पाठ आणि मांडीला १० मिमी, हात आणि पिंढरीला ६ मिमी, वरच्या पट्ट्यांना २ ते ३ मिमी. मध्यम बांध्याच्या प्रौढाला ६० सेंमी चौरसाच्या १० मिमी चटया सहा ते आठ, ६ मिमीचा एक ते दीड चौरस मीटर आणि २ मिमीचे ए-फोर आकाराचे आठ-दहा तुकडे पुरतात. घेताना अंगठ्याने दाबून पाहावे. खळगा लगेच भरून आला पाहिजे. भरत नसेल तर तो फोम पोकळ आहे, तापवल्यावर आकार धरणार नाही. पॅकिंगचा पांढरा फोम घेऊ नये, त्यावर गोंद आणि रंग दोन्ही टिकत नाहीत. गादीच्या स्पंजचे तर नावच नको.

थर्मोकोलबद्दल वेगळे सांगायला हवे. २०१८ मध्ये राज्यात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली, तरी मखरांच्या कामावर बसलेले हात आणि त्या हातांच्या सवयी अजून आहेत. थर्मोकोल तापलेल्या तारेने सुरेख कापला जातो. त्याच तारेने ईव्हीए कापायला गेले की कड वितळून गोळे धरते आणि घाणेरडा धूर होतो. उलट चिलखताचा गोंद थर्मोकोलवर पडला तर थर्मोकोल डोळ्यांदेखत विरघळतो. स्प्रेच्या रंगाचेही तेच. दोन्ही माल एका चिलखतात मिसळू नयेत.

कापायला १८ मिमी पात्याचा पेपर कटर घ्यावा आणि पात्यांचा डबा जवळ ठेवावा. ईव्हीए दिसायला मऊ असला तरी पाते फार लवकर बोथट करतो. बोथट पाते फोम कापत नाही, फाडते. कड कुरतडल्यासारखी होते आणि तो जोड मग कितीही रंग दिला तरी दिसत राहतो. पाते ओढताना ‘कर्र’ असा आवाज येऊ लागला की टोक मोडून नवे घ्यावे. पहिली फेरी हलकी, फक्त रेघ धरण्यापुरती, दुसरीत आरपार. करवतीसारखे मागे-पुढे करू नये. काटकोनात भेटणाऱ्या दोन कडा प्रत्येकी ४५ अंशांत तिरप्या कापाव्यात, नाहीतर एका बाजूने फोमची जाडी उघडी पडते. फोम धरणाऱ्या हातात कापरोधक मोजा असावा. जखमा होतात त्या नेहमी त्याच हाताला.

एन-सेव्हनच्या छातीवर आणि पिंढऱ्यांवर पत्रे एकमेकांना भेटल्यासारख्या बारीक रेषा आहेत. त्या करायची रीत पाहण्यासारखी असते. १० मिमी फोमवर पात्याने फक्त २ ते ३ मिमी खोल चीर द्यायची. तेव्हा ती दिसतही नाही. मग हीट गन १०–१५ सेंमीवरून फिरवत न्यायची. पृष्ठभाग तापून आवळतो, चिरेचे दोन्ही ओठ मागे सरतात आणि पत्र्याच्या जोडासारखी व्ही आकाराची स्वच्छ खाच उघडते. चीर ५ मिमीच्या पुढे गेली की तिथेच फोम मोडतो, हे मात्र ध्यानात असावे.

तापवणे याच बेताने. गन एका जागी थांबू द्यायची नाही. मंद पृष्ठभागावर हलकी चकाकी आली की पुरे झाले: वरची छिद्रे मिटली आणि फोम वाकायला तयार झाला. मोजे घालून तो पातेल्यावर किंवा मांडीवर हव्या त्या गोलाईपेक्षा थोडा जास्तच वाकवावा आणि पुरता गार होईपर्यंत धरून ठेवावा. अर्धवट गरम सोडला की तो परत सपाट होऊ लागतो. जास्त तापला तर फोड येतात, रंग तपकिरी होतो, आणि तो तुकडा मग बादच. केस वाळवायच्या ड्रायरने १० मिमी फोम आतपर्यंत तापत नाही. वाकवण्याचे सगळे काम जोडण्याआधी उरकावे, कारण उष्णतेने गोंदाचा जोड सुटतो.

आता गोंद. सनमायका बसवणारे सुतार आणि चपला दुरुस्त करणारे वापरतात तो रबरी गोंद, फेविकॉल एसआरच्या जातीचा. अख्ख्या चिलखताला साधारण एक लिटर. दोन्ही कडांना पातळ हात द्यायचा. कापलेली कड पहिला थर पिऊन टाकते, म्हणून तो वाळल्यावर दुसरा. मग आठ-दहा मिनिटे थांबायचे. बोट लावल्यावर तार निघत असेल तर अजून वेळ आहे. बोट कोरडे निघाले की जुळणीच्या खुणा बघत एका टोकापासून दाबत जायचे. एकदा टेकले की सरकवता येत नाही. ओलाच दाबला तर द्रावक (गोंद पातळ ठेवणारा, वाळताना उडून जाणारा द्रव) आत कोंडतो, जोड त्या दिवशी घट्ट वाटतो आणि काही दिवसांनी उघडतो. पावसाळ्यात आणखी एक अडचण. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला दमटपणा त्यावर धरतो आणि पांढुरकी साय दिसते. अशा कडा चिकटत नाहीत. पंख्याखाली वाळू द्याव्यात आणि वरून ताजा पातळ हात द्यावा. घाईने हीट गन मारू नये, ती वाफ पेट घेते.

ग्लू गनवर, म्हणजे गोंदाची कांडी वितळवून लावणाऱ्या बंदुकीवर, अनेकांची भिस्त असते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो गोंद मऊ पडतो आणि चिलखत डिकीतच सुटते. फेव्हिक्विकसारखा गोंद जोडाला काचेसारखा कडक करतो; फोम वाकतो, जोड वाकत नाही, मग तडकतो. दागिन्याएवढ्या एखाद्या तुकड्याला ठीक, अंगावर वाकणाऱ्या जोडाला नाही.

पालकांनी एवढा भाग जरूर वाचावा. या रबरी गोंदांत टोल्युइनसारखी द्रावके असतात. वास डोक्यात जातो, चक्कर येते, आणि दार लावून एसीमध्ये काम करणाऱ्याला ते उशिरा कळते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि ठिणगी मिळाली की पेटते. म्हणून स्वयंपाकघरात नको आणि देवघरात समई तेवत असेल त्या खोलीत नको. गच्ची किंवा दोन्ही बाजूंनी खिडक्या असलेली खोली बघावी. करोनाच्या दिवसांतला एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी कोळशाच्या डब्यांचा रेस्पिरेटर लागतो. कापलेले तुकडे जाळू नयेत. पुरवण्यांनी पुढच्या वेळी छायाचित्राखाली निदान एवढे दोन ओळींत छापले तरी पुष्कळ होईल.

जोड घासायला रोटरी टूलवर (हातात धरायचे, वेगाने फिरणारे यंत्र) १२० नंबरचा सँडिंग ड्रम, म्हणजे पॉलिश पेपरची नळी, चालतो. इथे तो एन-९५ कामाचा. उरलेल्या फटी ॲक्रिलिक सीलंटने भराव्यात आणि ओल्या बोटाने सपाट कराव्यात. दुकानदार त्याऐवजी सिलिकॉन देऊ करतो. ते घेऊ नये, सिलिकॉनवर रंग धरतच नाही. मग संपूर्ण पृष्ठभागावर हीट गनची शेवटची, जोड सुटणार नाहीत इतकी हलकी फेरी आणि त्यावर लेप. परदेशात रबरी स्प्रे सर्रास वापरतात; इथे तो मिळाला तर उत्तम. नाहीतर पांढरा फेविकॉल दोन भाग, पाणी एक भाग, असे चार-पाच पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळवून. एकच जाड थर दिला तर तो वाकण्याच्या जागी भेगाळतो. घामाने हा लेप चिकट होतो, म्हणून तो बाहेरूनच द्यावा.

रंगासाठी ॲक्रिलिक. आधी सगळे काळे, त्यावर गडद राखाडी. हार्डवेअरच्या दुकानातला ऑइल पेंट वाळून कडक होतो आणि पहिल्याच वाकण्यात तडे जातात. हाताचा पट्टा आखताना आधी पूर्ण रुंदीला पांढरा द्यावा, तो वाळला की दोन्ही कडांना टेप लावून मधे लाल भरावा. टेप आधी कपड्यावर दोनदा चिकटवून तिचा जोर कमी करून घ्यावा, नाहीतर ती खालचा लेप सोलून आणते. रंग थोडा ओला असतानाच टेप काढली की कड सरळ येते. शेवटी कोरड्या ब्रशला चंदेरी रंगाचा नुसता स्पर्श करून तो फक्त कोपऱ्यांवर फिरवावा, जिथे खरा पत्रा घासला असता तिथे. सगळीकडे चंदेरी मारणाऱ्यांचे चिलखत रंगीत कागदात गुंडाळल्यासारखे दिसते.

बांधणी हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग, आणि कार्यक्रमात चिलखत सुटते ते यामुळेच. मागे गोंद असलेला तयार व्हेल्क्रो घामात आणि उन्हात निघून येतो. साधा व्हेल्क्रो नायलॉनच्या पट्टीवर शिवावा, पट्टी रबरी गोंदाने आतून चिकटवावी आणि तिच्यावर फोमचे किंवा जाड कापडाचे ठिगळ लावावे, म्हणजे ओढ एका रेघेवर न येता पसरते. छाती आणि पाठ खांद्यावर २५ मिमीच्या पट्टीने आणि बगलेखाली बकलने जोडावी. खांद्याचे कवच छातीला कधीच चिकटवू नये. ते इलॅस्टिकने टांगते ठेवावे, तरच हात वर जातो. मांडीचे कवच कितीही घट्ट बांधले तरी चालताना खाली घसरतेच. ते कमरेच्या पट्ट्याला दोन पट्ट्यांनी टांगावे. पिंढरीचे कवच बुटावर टेकावे. कोपर आणि गुडघ्याच्या मागे ४–५ सेंमी मोकळी जागा, आणि मांडीच्या मागचा भाग बसण्यापुरता कापलेला. बकल असे असावेत की चक्कर आली तर दुसऱ्या माणसाला अर्ध्या मिनिटात छाती मोकळी करता यावी. ईव्हीएतून हवा जात नाही, घाम आतच राहतो. तास-दीड तासाने उतरवून पाणी प्यावे. कार्यक्रमाच्या पिशवीत सेफ्टी पिना, टेप आणि इलॅस्टिक असू द्यावे. गोंदाचा डबा मात्र रेल्वेत आणि विमानात चालत नाही.

कार्यक्रम झाल्यावर चिलखत ओल्या फडक्याने आतून पुसून सावलीत वाळवावे. नाहीतर पावसाळ्यात माळ्यावर त्याला बुरशी येते. एकात एक कोंबून वर गाद्या ठेवल्या तर पुढच्या वर्षी छाती चपटी निघते. प्रत्येक तुकड्यात वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवावेत. आपल्या अंकाची रद्दी या कामाला उत्तम, फक्त बाहेरच्या पांढऱ्या-लाल पट्ट्याला तिची शाई लागू देऊ नये.

आपले,
कॉस्प्लेची चिलखते बनवणारे काही जण, पुणे